हात त्याचे, जीभ कोणाची?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी सरकारी कचेरीच्या बाकावर आम्ही एका मित्राच्या कामासाठी बसलो होतो. सोबत कर्णबधिर मुलांच्या शाळेत उभी हयात घालवलेले एक निवृत्त गुरुजी होते. समोरच्या टेबलाजवळ चाळिशी ओलांडलेला एक शिंपी उभा होता. अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, हातात कागदांची पिशवी. तो जन्मतः बहिरा होता. सोबत त्याचा पंधरा-सोळा वर्षांचा पुतण्या. शिंप्याने पिशवीतून एक पावती काढून टेबलावर ठेवली आणि तो हातांनी बोलू लागला. दोन-तीन मिनिटे तो सलग, न अडखळता बोलत होता. त्याचे हात थांबले तेव्हा कारकुनाने पुतण्याकडे पाहिले. पुतण्या म्हणाला, "काकाचं काम करून द्या म्हणतोय साहेब. लई फेऱ्या झाल्या." कारकून हसला. "होईल म्हणावं. आता जा म्हणावं त्याला."

बाहेर आल्यावर गुरुजींनी आम्हाला त्या दोन-तीन मिनिटांत काय बोलले गेले ते सांगितले. शिंपी म्हणाला होता : मी जूनमध्ये अर्ज दिला, त्याची ही पोच. त्यानंतर मी तीन वेळा आलो. पहिल्यांदा दाखला अपुरा आहे म्हणालात, तो मी आणून दिला. दुसऱ्यांदा साहेब रजेवर आहेत म्हणालात. आज तुम्ही काहीच कारण सांगत नाही. अर्ज नामंजूर असेल तर तसे कारणासह लेखी द्या, म्हणजे मला वरच्या कचेरीत दाद मागता येईल. आणि माझ्याशी बोलताना कृपया माझ्याकडे पाहून बोला, मुलाकडे नको.

वाचकहो, या दोन निवेदनांतील अंतर नीट मोजा. टेबलाच्या अलीकडे एका नागरिकाने मागणी केली. टेबलाच्या पलीकडे पोहोचेपर्यंत तिची याचना झाली. हात त्याचे होते, पण जीभ दुसऱ्याची होती. आणि कचेरीने त्या जिभेवरून माणसाची किंमत केली. दोष त्या पोराचा नाही. त्याला काकाचे काम व्हावे असेच वाटत होते. साहेबापुढे कसे बोलायचे, हे त्याने आयुष्यभर पाहिले तसेच तो बोलला. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जिने एका प्रौढ माणसाची बाजू मांडण्याचे काम एका शाळकरी मुलाच्या खांद्यावर टाकले आणि वर त्यालाच सोय म्हटले.

सांकेतिक भाषेचा दुभाषी नेमला की बधिरांचा प्रश्न सुटला, असा एक समज अलीकडे पसरला आहे. दूरदर्शनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या चौकटीत हात हलताना दिसतात, मंत्र्यांच्या भाषणाशेजारी एक व्यक्ती उभी असते, आणि ऐकणाऱ्यांना समाधान वाटते. परंतु दुभाषी असणे आणि माणसाचे म्हणणे त्याच्या इभ्रतीसह पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाषेत अर्थाबरोबर आणखी एक गोष्ट असते. अभ्यासक तिला इंग्रजीत रजिस्टर म्हणतात. आपण तिला भाषेचा बाज म्हणू. कोणाशी, कुठे, कोणत्या नात्याने बोलतो आहोत, हे त्या बाजातून कळते. कोर्टातली भाषा वेगळी, पारावरची वेगळी, आजारी आईच्या उशाशी बसून बोललेली वेगळी. हा बाज चुकला तर शब्द बरोबर असूनही माणूस खोटा पडतो, लहान ठरतो किंवा हास्यास्पद होतो. आमचा आजचा सवाल या बाजाचा आहे.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुणांची भाषा म्हणजे हातवारे, मुकाभिनय किंवा तोडकेमोडके काहीतरी, असे सुशिक्षित माणसेही मानतात. हा समज आपोआप तयार झालेला नाही. १८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते, त्यांत स्वतः बधिर असलेला फक्त एक होता. त्या परिषदेने ठराव केला की बधिर मुलांना तोंडी पद्धतीनेच शिकवावे, खुणांची भाषा वर्गातून काढून टाकावी. पुढे जगभरच्या शाळांत पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात दाबून ठेवले गेले. कुठे हातांवर छड्या बसल्या. ज्यांच्या भाषेचा निकाल लागला त्यांना निकालाच्या सभेत जागा नव्हती. हा प्रकार आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे याच मालिकेतील परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला आणि ते नाकारले. मध्ये एकशे तीस वर्षे गेली होती.

दरम्यान १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन भाषाभ्यासकाने दाखवून दिले की खुणांच्या भाषेलाही स्वतःची घडण असते. हाताचा आकार, हाताची जागा आणि हाताची हालचाल यांतून एकेक खूण बनते, जसे ध्वनींतून शब्द बनतात. आपल्या देशातही १९७० च्या दशकापासून दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि मुंबई येथील खुणांचा अभ्यास झाला. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीचे नाही, हिंदीचे नाही, इंग्रजीचेही नाही. प्रश्न विचारताना 'काय', 'कुठे', 'कोण' यांची खूण वाक्याच्या शेवटी येते. होकार-नकाराचा प्रश्न भुवयांतून आणि मानेतून कळतो. चेहरा हा या भाषेत भावना दाखवण्याइतकाच व्याकरणासाठी लागतो. २०११ च्या जनगणनेने देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदवली. त्या सर्वांना ही भाषा येते असे नाही, कारण अनेकांपर्यंत ती पोहोचूच दिली गेली नाही. पण ज्यांची ती आहे, त्यांची ती पूर्ण भाषा आहे.

आणि पूर्ण भाषा असल्यामुळे तिलाही बाज आहे. मार्टिन जूस या भाषाशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या आरंभी बोलण्याचे पाच थर सांगितले. पहिला गोठलेला थर. शपथ, प्रार्थना, राष्ट्रगीत यांचा, ज्यात एक अक्षर बदलायचे नसते. मग औपचारिक, मग डॉक्टर-रुग्णासारखा विचारपूस करण्याचा, मग मित्रांतला, आणि शेवटी घरातल्या अगदी जवळच्यांचा. दुभाष्यांच्या शिक्षणात हे पाच थर आजही शिकवले जातात. खुणांच्या भाषेत ते डोळ्यांना दिसतात. व्यासपीठावरून बोलताना हात मोठ्या जागेत फिरतात, गती संथ असते, दोन हातांची खूण दोन्ही हातांनी पूर्ण केली जाते. मित्रांत बोलताना तीच खूण एका हाताने, घाईत, छातीजवळ उरकली जाते. दुसऱ्या हातात चहाचा पेला असतो. अधिकाऱ्यापुढे उभा असलेला माणूस अंग सावरून, खुणा नीट तोडून बोलतो. आमच्या त्या शिंप्याचे हात असेच चालले होते, असे गुरुजी म्हणाले. तो कचेरीच्या भाषेत बोलत होता. कचेरीला मात्र ते पारावरच्या भाषेत ऐकू आले.

आता मराठीतली खास अडचण पाहू. खुणांच्या भाषेत 'तुम्ही' म्हणण्यासाठी समोरच्याकडे निर्देश केला जातो. आदर असतो तो अंगाच्या ठेवणीत, गतीत, चेहऱ्यावर. पण दुभाष्याने हे मराठीत बोलायचे ठरवले की त्याला पहिल्याच शब्दाला निवड करावी लागते : तू, तुम्ही की आपण? कर्णबधिर माणसाने डॉक्टरीणबाईंना आदराने विचारलेला प्रश्न 'तू मला गोळी का बदलली?' असा आला, तर बाई दुखावतात आणि हा उद्धट ठरतो. उलट बाजूने, डॉक्टर त्या पन्नाशीच्या माणसाबद्दल 'याला काय होतंय?' असे विचारतात. दुभाष्याने हा एकेरी त्याच्यापर्यंत पोहोचवायचा की झाकायचा? आमचे मत स्पष्ट आहे. झाकणे ही दया आहे, आणि दयेने माणसाचा हक्क हिरावला जातो. आपल्याशी कोण कसे बोलले, हे कळण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आहे तसाच बधिरालाही आहे. निषेध करायचा की सोडून द्यायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. अपमान कळलाच नाही तर निषेध कशाचा करणार?

दुसरी अडचण लिंगाची. चांगला दुभाषी 'तो असे म्हणतो' असे बोलत नाही. तो 'मी' म्हणून बोलतो, कारण बोलणारा बधिर माणूस आहे, दुभाषी फक्त त्याचा आवाज आहे. इंग्रजीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांत फरक पडत नाही. मराठीत पडतो. पुरुषाच्या वतीने बाई बोलत असेल तर तिने 'मी अर्ज घेऊन आलो होतो' म्हणावे की 'आले होते'? तिने 'आलो होतो' म्हणावे, हे उघड आहे. ऐकणाऱ्यांना क्षणभर विचित्र वाटेल. वाटू द्यावे. त्या विचित्रपणातूनच त्यांना कळेल की बोलणारा दुसरा आहे आणि नजर त्याच्याकडे वळवायची आहे. पण बहुतेक ठिकाणी या अडचणीतून सुटण्यासाठी सोपी वाट धरली जाते : 'हे म्हणतात की', 'याचं म्हणणं असं आहे की'. एकदा 'याचं म्हणणं' सुरू झाले की खोलीतले सगळे दुभाष्याशी बोलू लागतात. बधिर माणूस स्वतःच्याच खटल्यात, स्वतःच्याच आजारात, स्वतःच्याच मुलाखतीत तिसरा होऊन बसतो.

म्हणी-वाक्प्रचारांची गोष्ट याहून अवघड. आपल्या सभांतले वक्ते म्हणींशिवाय बोलत नाहीत, आणि ते योग्यच आहे. लोकांची भाषा तशीच असते. वक्ता म्हणतो, सरकारने आमच्या तोंडाला पाने पुसली. नवशिका दुभाषी तोंड दाखवतो, पान दाखवतो, पुसल्याची खूण करतो. समोर बसलेला बधिर कार्यकर्ता बुचकळ्यात पडतो : जेवणाची गोष्ट चालली आहे की पानाच्या दुकानाची? 'अधिकाऱ्याने हात वर केले', 'आमच्या नाकी नऊ आले', 'तक्रारीकडे कानाडोळा केला' — शब्दाला शब्द लावला तर यांतून काहीच हाती लागत नाही. जाणता दुभाषी आधी अर्थ घेतो. फसवले, जबाबदारी झटकली, दमछाक झाली, मुद्दाम दुर्लक्ष केले. पण एवढ्यानेही काम भागत नाही. वक्त्याच्या बोलण्यातला टोमणा, त्याचा राग, त्याने पिकवलेला हशा हेही पोहोचले पाहिजे. सभागृह हसले आणि बधिर श्रोता हसणाऱ्या तोंडांकडे नुसता पाहत राहिला, तर त्याला सभेतून अर्धे बाहेर काढले असेच म्हणावे लागेल. काही म्हणी चित्राच्याच असतात. 'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' ही हातांनी इतकी झकास दाखवता येते की मराठीला हेवा वाटावा. कुठे चित्र ठेवायचे आणि कुठे अर्थ उचलायचा, हे ठरवण्यासाठी दोन्ही भाषांत मुरलेला माणूस लागतो. दोन महिन्यांच्या वर्गातून तो तयार होत नाही.

आणि वाक्प्रचार काही आपल्याच मालकीचे नाहीत. खुणांच्या भाषांनाही स्वतःचे आहेत. अमेरिकेतील बधिरांच्या भाषेत कोणी उशिरा येऊन 'काय झाले, पुन्हा सांग' म्हणाला, तर त्याला जी खूण करतात तिचा शब्दशः अर्थ होतो : गाडी गेली, माफ कर. म्हणजे गोष्ट होऊन गेली, आता पुन्हा सांगणार नाही. दुभाष्याने हे 'गाडी गेली' असे बोलून दाखवले तर ऐकणारा स्टेशनकडे पळेल! आपल्याकडच्या बधिरांच्या गप्पांत, त्यांच्या मंडळांत, शाळांच्या वसतिगृहांत अशी किती चतुराई, किती टोमणे, किती विनोद साठले असतील. आवाज देणारा दुभाषी ते सपाट करून टाकतो आणि ऐकणारे म्हणतात, या लोकांची भाषा फार साधी असते. साधी ती भाषा नाही. साधे आहे ते दुभाष्याचे मराठी.

इथे आमच्या वाचकांनी स्वतःचे बालपण आठवून पाहावे. वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी, मालवणी बोलणाऱ्या पोराला वर्गात 'नीट बोल' म्हणून किती वेळा गप्प बसवले गेले? बरोबर उत्तर येत असूनही उच्चारावरून वर्ग हसेल म्हणून किती जणांनी हात वर केला नाही? आपल्या भाषेच्या बाजावरून आपल्या बुद्धीची परीक्षा झाली. बधिरांच्या बाबतीत हेच होते, फक्त एक फरक आहे. आपण पुढे प्रमाण भाषा शिकून तोंडावर उत्तर देऊ शकलो. बधिर माणसाने आपल्या भाषेत कितीही प्रभुत्व मिळवले, तरी ऐकणाऱ्या जगात त्याची परीक्षा दुभाष्याच्या भाषेवरून होते. वकील असलेल्या बधिर बाईंचा युक्तिवाद अडखळत, तुटक मराठीत आला तर न्यायाधीशांपुढे त्या कच्च्या वकील ठरतील.

हा कल्पनेचा खेळ नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या बधिर वकील सर्वोच्च न्यायालयापुढे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या. त्या वेळचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढील त्या सुनावणीत दुभाष्याला पडद्यावर राहण्याची मुभा मिळाली आणि देशाने प्रथमच हे दृश्य पाहिले. योग्य दुभाषी मिळाला की बधिर माणूस कुठवर जातो, याचा हा दाखला आहे. पण सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाला जे मिळाले, ते तालुक्याच्या कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या मजूर बाईला मिळते का, हा खरा सवाल आहे.

कायदा काय म्हणतो ते पाहू. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११९ मध्ये बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी पुरावाच मानली जाते, अशी तरतूद होती. २०१३ च्या दुरुस्तीने त्यात दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि जबाबाचे चित्रीकरण करणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हीच तरतूद कलम १२५ मध्ये आहे. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की दुभाषी साक्षीदाराच्याच परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ दिली पाहिजे. खुणा आणि त्यांचा अर्थ, दोन्हींची नोंद हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १२ तर अशा व्यक्तींची साक्ष, युक्तिवाद आणि मत त्यांच्या पसंतीच्या भाषेत नोंदवण्याची सोय करा, असे सरकारला सांगते.

या तरतुदींत बाजाचा विचार दडलेला आहे. परिसरातला दुभाषी का हवा? कारण शाळेचे तोंड न पाहिलेली खेड्यातली बधिर बाई पुस्तकातल्या खुणा करत नाही. तिच्या घरच्या, गावच्या खुणा असतात. हितसंबंध नसलेला का हवा? कारण बाप, दीर, नवरा दुभाषी झाला तर तिच्या तोंडी तो स्वतःची गोष्ट घालू शकतो. चित्रीकरण का हवे? कारण दुभाष्याने 'धरले' म्हटले की 'ओढले' म्हटले, 'नको म्हणाले' म्हटले की 'काही बोलले नाही' म्हटले, यावर एखाद्या अत्याचाराच्या खटल्याचा निकाल फिरू शकतो. चित्रफीत असेल तर दुसरा जाणकार ती तपासू शकतो. नसेल तर दुभाष्याची जीभ हाच पुरावा होतो.

जगात याचे धडे मिळाले आहेत. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गच्या स्टेडियममध्ये नेल्सन मंडेलांची श्रद्धांजली सभा झाली. ओबामांसह जगभरचे नेते बोलले आणि त्यांच्या बाजूला एक दुभाषी तासन् तास हात हलवत होता. ते हात निरर्थक होते. दक्षिण आफ्रिकेतील बधिरांना ते तत्काळ कळले, ऐकणाऱ्यांना कळायला त्यांच्या तक्रारी याव्या लागल्या. ज्या माणसाने आयुष्यभर समतेसाठी तुरुंग भोगला, त्याच्याच सभेत बधिरांच्या वाट्याला असा देखावा आला. २०१७ साली अमेरिकेत फ्लोरिडात चक्रीवादळाच्या इशाऱ्याच्या वेळी एका जिल्हा प्रशासनाने खुणा थोड्याबहुत येणारा आपलाच एक कर्मचारी उभा केला. जीव वाचवण्याच्या सूचनांच्या जागी पिझ्झा, अस्वल असले शब्द पोहोचले. दोन्हीकडे चूक एकच. दुभाषी नेमताना बधिरांना विचारलेच नव्हते. दक्षिण आफ्रिकेने २०२३ साली आपली सांकेतिक भाषा देशाची बारावी अधिकृत भाषा केली, हे मात्र नमूद केले पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. भारतीय सांकेतिक भाषा त्यांत अद्याप नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ साली ३ हजार शब्दांचा होता, २०२१ साली १० हजारांचा झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे ठरवले. शब्दकोश हवा, प्रमाणीकरणही काही कामांसाठी हवे. पण शब्दकोशात शब्द मिळतो, बाज मिळत नाही. आणि प्रमाण ठरवताना कोणाच्या खुणा प्रमाण आणि कोणाच्या गावंढळ, हा जुना खेळ पुन्हा सुरू झाला, तर ज्या खेड्यातल्या बधिराला सर्वांत आधी दुभाषी हवा, तोच पुन्हा 'अशुद्ध' ठरेल.

काही मित्र म्हणतील, आधी दुभाषीच मिळत नाहीत, तुम्ही बाजाच्या गोष्टी काय करता? उपाशी माणसाला मीठ कमी-जास्त विचारता? हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. चुकीच्या दुभाष्यामुळे माणूस जितका होता त्याहून खाली जातो. दुभाषी नसेल तर निदान सर्वांना दिसते की संवाद झालेला नाही. वाईट दुभाषी असेल तर कागदावर 'म्हणणे ऐकून घेतले' अशी नोंद होते आणि दाद मागण्याची वाट बंद होते. त्या शिंप्याच्या फायलीतही असेच लिहिले गेले असेल.

या निमित्ताने एका शब्दाचाही विचार करावा. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांना त्यांनी मूक म्हटले, आणि त्यांचे मौन हे लादलेले आहे हे जगाला दाखवले. बधिरांना आपण सर्रास 'मुके' म्हणतो, तेव्हा मात्र उलट करतो. लादलेले मौन आपण त्यांच्या शरीरात आहे असे समजतो. ते मुके नाहीत. ते बोलत आहेत, आपल्याला त्यांची भाषा येत नाही. 'सरकार बहिरे आहे', 'बहिऱ्यापुढे गाऱ्हाणे' हे आमच्याही लेखणीतून उतरत आले आहे. बहिरा माणूस लक्ष देऊन पाहतो; सरकार तेही करत नाही. तेव्हा ही उपमा बहिऱ्यांवर अन्याय करणारी आहे, आणि आम्ही ती यापुढे वापरणार नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. दुभाष्यांच्या निवड समितीत बधिर व्यक्ती बहुमताने असाव्यात. हात खरे की खोटे, हे त्यांनाच कळते. कोर्ट, पोलीस ठाणे आणि रुग्णालयात घरच्या माणसाला, विशेषतः मुलाला, दुभाषी करणे बंद व्हावे. खेड्यातल्या खुणा समजण्यासाठी बधिर दुभाषी आणि ऐकणारा दुभाषी यांची जोडी नेमावी. लांब सभेला दोन दुभाषी ठेवून वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी, कारण थकलेले हात आणि थकलेला मेंदू प्रथम बाजच सोडतात. भाषणाचा कागद दुभाष्याला आदल्या दिवशी द्यावा. त्याला पोटापुरते नव्हे, त्याच्या कसबाला शोभेल असे मानधन द्यावे. आणि मराठीतून आवाज देणाऱ्याला मराठीचेही शिक्षण द्यावे. कचेरीची मराठी, कोर्टाची मराठी, सभेची मराठी येत नसेल तर नुसत्या खुणा येऊन भागणार नाही.

सुरुवात आपल्या घरातून करता येईल. १४ एप्रिलच्या आणि ६ डिसेंबरच्या सभांना आपल्यातले बधिर बांधव येतात, मागच्या रांगेत बसतात आणि लोक उठले की उठतात. पुढच्या सभेला दुभाषी आणा, त्याला मंचावर उजेडात उभे करा, बधिरांना त्याच्यासमोर पहिल्या रांगेत बसवा. सभा संपल्यावर वक्त्याचे अभिनंदन करण्याआधी त्यांना विचारा, समजले का? हसू आले का? राग आला का? त्यांच्यातल्या कोणाला बोलायचे असेल तर माईक दुभाष्याच्या हाती आणि नजर बोलणाऱ्याच्या हातांकडे ठेवा.

त्या शिंप्याच्या अर्जाचे पुढे काय झाले, आम्हाला कळले नाही. आम्ही त्या दिवशी बाकावर बसून राहिलो, उठून कारकुनाला काही बोललो नाही, ही आमचीही चूक आहे. पण त्याची शेवटची मागणी आम्ही विसरलेलो नाही, आणि तिला पैसा लागत नाही, शासन निर्णय लागत नाही. तो म्हणाला होता, माझ्याशी बोलताना माझ्याकडे पाहून बोला.